नाकातून गुंगी आणि त्यानंतरचा तास

दोन-अडीच वर्षांचं मूल बोलत नाही, मागून हाक मारली तर वळून बघत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक म्हाळुंग्याच्या किंवा खराबवाडीच्या अंगणवाडीत येतं, डॉक्टर मुलाला तपासतात आणि चिठ्ठी देतात : 'बेरा' करून घ्या. या तपासणीत डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात टिकटिक आवाज सोडतात आणि तो आवाज नसेतून मेंदूपर्यंत कसा पोचतो ते यंत्रावर उमटतं. दुखत काहीच नाही. अट एकच, मूल अर्धा-पाऊण तास निवांत झोपलेलं हवं. हृदयाची टू-डी इको, झटके येणाऱ्या मुलाचा ईईजी, डोक्याचा एमआरआय, कपाळाला पडलेले टाके, किडलेल्या दाढेचं काम, सगळीकडे हाच अडसर. मोठ्या माणसाला 'हलू नका' म्हटलं की भागतं. तीन वर्षांच्या मुलाला आवळून धरावं तरी लागतं, नाहीतर गुंगी द्यावी लागते.

आवळून धरण्याची पद्धत आपल्याकडे इतकी रुळलेली आहे की तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. मुलाला चादरीत गुंडाळायचं, एकानं डोकं धरायचं, एकानं पाय, आईला बाहेर जायला सांगायचं आणि टाके घालून मोकळं व्हायचं. पाच मिनिटांत काम होतं खरं, पण ते मूल पुढची कित्येक वर्षं पांढरा कोट दिसला की रडायला लागतं, आणि पुढच्या खेपेला त्याला धरायला दोघांच्या जागी चौघे लागतात. म्हणून सुई न टोचता, नाकात औषधाचा बारीक फवारा मारून गुंगी आणण्याची पद्धत गेल्या साडेतीन दशकांत जगभर रुजत गेली. पिंपरी-चिंचवड ते चाकण या कामगारपट्ट्याच्या अंगानं तिचा हा आढावा आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो : पद्धत चांगली आहे आणि इथल्या कुटुंबांना तर फारच सोयीची आहे. पण सुई गेली म्हणून धोका गेला, असं मानलं तर घात होईल. औषध नाकात गेल्यानंतरचा तास आणि घरी परतण्याचा रस्ता, या दोन गोष्टींचा बंदोबस्त ज्यांनी केला असेल त्यांनीच फवारा हातात घ्यावा.

आधी जुन्या औषधांबद्दल. तपासणीच्या दिवशी आजही अनेक ठिकाणी मुलाला ट्रायक्लोफॉसचं सिरप पाजतात. त्याचं मूळ क्लोरल हायड्रेटमध्ये आहे. हे रसायन जर्मनीत लीबिगनं १८३२ मध्ये बनवलं आणि ते झोप आणतं हे १८६९ मध्ये लीब्राइखनं दाखवून दिलं. म्हणजे आपण दीडशे वर्षांपूर्वीच्या औषधाच्या नातवाकडून काम करून घेतो आहोत. ट्रायक्लोफॉस पोटात गेल्यावर त्याचं जे अंतिम द्रव्य तयार होतं, ते क्लोरलचंच. औषध वाईट नाही. लाखो मुलांच्या तपासण्या त्याच्यावर झाल्या आहेत आणि श्वासावर त्याचा परिणाम सहसा सौम्य असतो. अडचण त्याच्या वेळापत्रकाची आहे. मुलानं निम्मं थुंकलं तर पोटात किती गेलं ते कळत नाही. झोप यायला अर्धा तास ते तास, कधी त्याहून जास्त. एवढ्यात मुलाचा नंबर येऊन जातो. मग पुन्हा अर्धा डोस. आणि ते द्रव्य शरीरातून निम्मं कमी व्हायलाच आठ-दहा तास लागतात, तान्ह्या बाळात त्याहूनही जास्त. तपासणी अकराला आटोपली तरी मूल संध्याकाळपर्यंत पेंगत राहतं. जोडीला फेनरगन हे गुंगी आणणारं औषध देण्याचीही सवय होती. दोन वर्षांखालच्या मुलांत त्यानं श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००४ मध्ये त्याच्या वेष्टनावर छापायला लावला.

नाकाचा मार्ग वेगळा पडतो तो तिथल्या अस्तरामुळे. नाकाच्या आतलं अस्तर पातळ, ओलं आणि रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेलं असतं. तिथे शोषलेलं औषध थेट रक्तात जातं. तोंडावाटे दिलेलं मिडाझोलाम हे गुंगीचं औषध आतड्यातून आणि यकृतातून पुढे सरकेपर्यंत निम्म्याहून जास्त निकामी झालेलं असतं. नाकातून ही गळती टळते. पण त्यासाठी औषध अस्तरावर पसरायला हवं, घशात ओघळता कामा नये. इथे एक छोटं साधन कामाला येतं, ॲटमायझर. सिरिंजच्या टोकाला बसणारं, स्पंजाचं किंवा मऊ रबराचं शंकूसारखं टोक. दट्ट्या जोरात दाबला की औषधाचं धुकं होतं. टोक नाकपुडीत घट्ट बसवून त्याच बाजूच्या कानाच्या वरच्या कडेकडे रोखायचं असतं, टाळूच्या दिशेनं नाही. मूल आईच्या मांडीवर असलं तरी चालतं. अर्धं औषध एका नाकपुडीत, अर्धं दुसरीत. दोन सेकंदांचं काम.

हिशेबात मात्र चूक चालत नाही. बारा किलोचं मूल धरा. मिडाझोलाम किलोमागे ०.३ मिलिग्रॅम द्यायचं तर ३.६ मिलिग्रॅम झालं. एका मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम असलेली तीव्र कुपी असेल तर हे पाऊण मिलिलिटरहून किंचित कमी, म्हणजे प्रत्येक नाकपुडीत ०.३६ मिलिलिटर. जेमतेम बसतं. पण आपल्याकडे एका मिलिलिटरला एकच मिलिग्रॅम असलेल्या कुप्याही सर्रास मिळतात. ती हाताशी आली तर तेवढ्याच डोसाला ३.६ मिलिलिटर द्रव लागेल. एवढं इवल्याशा नाकात मावत नाही, घशात जातं, कडूजहर लागतं आणि मूल खोकून बाहेर काढतं. मग 'नाकातून देऊन उपयोग होत नाही' असा शेरा पडतो. उलटी चूक त्याहून भयंकर. सौम्य कुपी समजून तीव्र कुपी भरली तर डोस पाचपट. ॲटमायझरच्या पोकळीत ०.१ मिलिलिटरच्या आसपास औषध अडकून राहतं, तेही आधी धरावं लागतं. आणि मुलाचं वजन त्याच दिवशी, काट्यावर. 'असेल बारा-तेरा' यावर हे औषध द्यायचं नसतं.

आता औषधं. सर्वांत जुना अनुभव मिडाझोलामचा. ऑपरेशनपूर्वी लहान मुलांना ते नाकातून देऊन पाहिल्याचा पहिला गाजलेला अभ्यास १९८८ चा. पाच ते पंधरा मिनिटांत परिणाम, अर्धा-पाऊण तास टिकतो, भीती जाते, आणि घडलेलं बऱ्याचदा आठवत नाही. दाढेच्या कामाला, सीटी स्कॅनला, टाक्यांना हे पुरतं. वेदना मात्र त्यानं थांबत नाही, त्यामुळे टाक्याच्या जागी बधिर करणारं औषध वेगळं लागतंच. याचा एक दोष पालकांना कुणी आधी सांगत नाही : ते नाकात झोंबतं. द्रावण आम्लधर्मी असतं, मूल किंचाळतं, डोळ्यांतून पाणी येतं. इटलीतल्या डॉक्टरांनी आधी बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचा फवारा मारून मग मिडाझोलाम दिलं आणि मुलांचा त्रास बराच कमी झाल्याचं २०११ मध्ये मांडलं. दुसरा दोष म्हणजे काही मुलं शांत होण्याऐवजी चवताळतात, हातपाय झाडतात. अशा वेळी आणखी डोस देण्याचा मोह आवरावा लागतो. आणि ईईजीसाठी हे औषध नकोच, कारण झटके थांबवण्याच्या गुणामुळे आलेखातलं नेमकं जे बघायचं तेच ते पुसून टाकतं.

या झटके थांबवण्याच्या गुणामुळेच मिडाझोलामचा तयार नाकातला स्प्रे अनेक घरांत फ्रिजवर किंवा दप्तरात असतो. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललेला झटका तोडायला तो डॉक्टरांनी लिहून दिलेला असतो आणि त्या कामी तो जीव वाचवतो. शेजारच्या मुलाला तपासणीआधी झोप यावी म्हणून तोच स्प्रे उसना देणं, हा प्रकार कुणीही कधीही करू नये. मिडाझोलाम अनुसूची एच-१ मध्ये आहे. दुकानदारानं प्रत्येक विक्रीची वेगळी नोंद ठेवायची, असा नियम त्याला लागू आहे, आणि तो उगाच केलेला नाही.

दुसरं औषध डेक्समेडेटोमिडीन. गेल्या पंधरा-वीस वर्षांत लहान मुलांच्या गुंगीचं चित्र कशानं बदललं असेल तर यानं. १९९९ मध्ये अमेरिकेत ते अतिदक्षता विभागातल्या प्रौढांसाठी मान्य झालं. हाँगकाँगच्या भूलतज्ज्ञांनी २००८ मध्ये ते मुलांना नाकातून देऊन तोंडावाटे दिलेल्या मिडाझोलामशी तुलना केली. नंतर चीनपासून युरोपपर्यंत अभ्यासांची रांग लागली. त्याची झोप नैसर्गिक झोपेच्या जवळची असते, मूल हाक मारली की डोळे उघडतं आणि पुन्हा झोपतं. नाकात ते झोंबत नाही. श्वास फारसा मंदावत नाही. ईईजी वाचता येतो. बेरा, इको, ईईजी या दुखत नसलेल्या पण वेळखाऊ तपासण्यांसाठी आज माझ्या मते याच्याइतकं चांगलं औषध नाही. बारा किलोच्या मुलाला किलोमागे ३ मायक्रोग्रॅम धरले तरी द्रव जेमतेम ०.३६ मिलिलिटर होतो, दोन्ही नाकपुड्यांत सहज मावतो. त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. झोप यायला वीस-तीस मिनिटं, कधी पाऊण तास, आणि परिणाम तास-दीड तास राहतो. नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो. बहुतेक मुलांना हे सोसतं, पण हृदयाच्या ठोक्यांचा दोष असलेल्या किंवा तशी औषधं चालू असलेल्या मुलाला ते देण्याआधी तज्ज्ञाचं मत घ्यावंच लागतं. एमआरआयचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, त्यात काही मुलं जागी होतात. कानात बोळे घालूनही एकट्या या औषधावर प्रत्येक एमआरआय होईलच अशी हमी नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेनं एक महिन्यापुढच्या मुलांच्या अशा तपासण्यांसाठी त्याला मान्यता दिली ती शिरेतून देण्यासाठी. नाकातला वापर आजही डॉक्टरांच्या जबाबदारीवरच चालतो, आणि पालकांच्या संमतीपत्रात हे लिहिलेलं असावं.

केटामीन आणि फेंटानिल ही दुखण्यावरची औषधं. हात मोडून आलेल्या मुलाला नाकातून फेंटानिल दिलं की सलाईन लावायच्या आतच कळ कमी होते, ऑस्ट्रेलियातल्या अपघात विभागांत हे नित्याचं आहे. आपल्याकडे ते अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, साठा आणि नोंदी सांभाळाव्या लागतात. २०१४ च्या दुरुस्तीनं वैद्यकीय वापराची वाट सोपी झाली, तरी लहान रुग्णालयं त्याच्या वाटेला जात नाहीत. केटामीन अनुसूची एक्समध्ये आहे. नाकातून त्याचा डोस मोठा लागतो, लाळ सुटते, उलटी होते. डेक्समेडेटोमिडीनच्या जोडीनं थोडं केटामीन देण्याचे प्रयोग चांगले दिसत आहेत, पण दोन औषधं एकत्र आली की पहारा दुप्पट हवा.

पहारा का, याचा इतिहास सांगायला हवा. अमेरिकेत दातांच्या दवाखान्यात गुंगी दिलेली तीन मुलं दगावली आणि त्यातून तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं १९८५ मध्ये पहिली नियमावली काढली. २००० साली डॉ. चार्ल्स कोटे आणि सहकाऱ्यांनी गुंगीतल्या ९५ दुर्घटना एकत्र करून तपासल्या. त्यांत ५१ मुलं दगावली होती. औषध कोणत्या मार्गानं दिलं, तोंडानं, नाकानं, गुदद्वारातून की शिरेतून, याचा शेवटाशी संबंध सापडला नाही. संबंध सापडला तो जादा डोसाशी, तीन-तीन औषधं एकावर एक देण्याशी, ऑक्सिजन मोजणारं यंत्र न लावण्याशी आणि श्वास थांबल्यावर तो सुरू करता न येण्याशी. काही मुलांना औषध घरीच पाजून आणलं होतं. काहींना रुग्णालयातून सोडल्यावर, वाटेत किंवा घरी, श्वासाचा त्रास झाला. त्यांत जास्त वेळ रेंगाळणाऱ्या औषधांचा वाटा मोठा होता.

म्हणून नियम सोपे आणि कडक आहेत. गुंगीचा पहिला टप्पा कुठे संपतो आणि गाढ भूल कुठे सुरू होते याची रेघ नसते, मूल न सांगता एकातून दुसऱ्यात घसरतं. त्यामुळे जो काम करतो त्यानं पहारा करायचा नाही. पहाऱ्याला वेगळा माणूस, बोटाला पल्स ऑक्सिमीटर, शक्य तर सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र, हाताशी ऑक्सिजन, सक्शन, मुलाच्या मापाचा मास्क आणि अंबू बॅग, मिडाझोलाम दिलं असेल तर त्याचा उतारा फ्लुमाझेनिल. घोरणारं, मोठ्या टॉन्सिलचं, फार लठ्ठ, मुदतीआधी जन्मलेलं किंवा जबड्याची ठेवण वेगळी असलेलं मूल असेल तर नाकाचा फवारा बाजूला ठेवून भूलतज्ज्ञाकडे. नाक चोंदलेलं, शेंबूड वाहत असेल तर औषध अस्तरापर्यंत पोचतच नाही, आणि सर्दी झालेल्या मुलाची श्वासनलिका आवळण्याची भीती वेगळीच. तातडी नसेल तर तारीख पुढे ढकलावी. प्रेस शॉपमध्ये सेन्सर बंद असेल तर मशीन चालवायचं नाही, हे या पट्ट्यातल्या बापाला रोजचं आहे. ऑक्सिमीटर नसेल तर औषध द्यायचं नाही, हे त्याला एका वाक्यात पटतं. सांगणारा हवा.

आता आपला पट्टा. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची वस्ती १७ लाखांच्या वर होती, पुढे चाकण एमआयडीसी फुगत गेली. मोठी सोय म्हणजे संत तुकारामनगरचं महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, शेजारी पिंपरीतच डॉ. डी. वाय. पाटील यांचं वैद्यकीय आणि दंत महाविद्यालय, मोहननगरला कामगार विम्याचं रुग्णालय, तळेगावला माईमर, चाकणला ग्रामीण रुग्णालय आणि सगळ्यांच्या पलीकडे औंधचं जिल्हा रुग्णालय. विम्याचं संरक्षण महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्याला आणि त्याच्या मुलांना मिळतं. पण कंत्राटी कामगाराला सुट्टी म्हणजे खाडा आणि खाडा म्हणजे पगारात कपात. पिंपरी-भोसरीकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, म्हणून तपासणीचा दिवसही गुरुवारचाच मागितला जातो. मूल झोपलं नाही म्हणून 'पुढच्या आठवड्यात या' असं सांगितलं की त्या कुटुंबाचा सुट्टीचा दिवस किंवा रोजंदारी फुकट जाते. तिसऱ्या खेपेला ते येत नाही. बहिरेपण वेळेत कळलं तर यंत्र लावून बोलणं येतं. उशीर झाला की ती वर्षं परत मिळत नाहीत. नाकातून औषध पहिल्याच खेपेला बऱ्याच मुलांना झोपवतं, हा फायदा मी याच कारणानं सर्वांत मोठा मानतो.

गुंगीआधी मुलाला उपाशी ठेवण्याचा गोंधळ रुग्णालयापर्यंतच्या प्रवासातून होतो. 'सकाळी उपाशी आणा' एवढंच सांगितलेलं असतं. कुरुळीची आई रात्री नऊला मुलाला भात भरवते, सकाळी काही देत नाही, सातला निघते, चाकणच्या तळेगाव चौकात तासभर अडकते, नंबर दुपारी बाराला लागतो. पंधरा तास उपाशी मूल रडून बेजार होतं आणि औषधाचा परिणाम कमी होतो. नियम एवढा कठोर नाही : जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी (तेलकट-मटणाचं जेवण आठ), आईचं दूध चार तास आधी, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. तपासणीची वेळ दहाची असेल तर आठला मूल पाणी पिऊ शकतं. हे चिठ्ठीवर घड्याळाच्या वेळेत लिहावं, मराठीत आणि हिंदीतही, कारण या पट्ट्यातल्या चाळीत बीड, नांदेड, बुलढाणा आणि बिहार एकाच नळावर पाणी भरतात.

आणि परतीचा रस्ता. मूल डोळे उघडतं, आई म्हणते उठला, रांग मोठी असते, सोडून दिलं जातं. बाहेर बाबा बाईक घेऊन उभा. पुढे बाबा, मागे आई, मध्ये पेंगुळलेलं मूल. इंजिनाच्या थरथरीनं ते पुन्हा झोपतं, मान पुढे लवते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. आईचा चेहरा त्याच्या डोक्याच्या मागे असतो, तिला ओठांचा रंग दिसत नाही. पुणे-नाशिक रस्त्यावरचा हा तास रुग्णालयाच्या कोणत्याही नोंदवहीत नसतो. अमेरिकेतल्या नियमावलीत मोटारीतल्या बाळासोबतसुद्धा दोन मोठी माणसं असावीत असं सुचवलं आहे, एकानं गाडी चालवायची, एकानं मुलाची मान सांभाळायची. आपल्याकडे निदान रिक्षा हवी, मूल मांडीवर तोंड वर करून आणि सोबत दोन माणसं. घरी सोडण्याआधी मूल शांत जागी, कुणी न हलवता, वीस मिनिटं आपण होऊन जागं राहिलं पाहिजे, आधाराशिवाय बसलं पाहिजे, घोटभर पाणी पचलं पाहिजे. डेक्समेडेटोमिडीनच्या मुलाला यासाठी जास्त थांबावं लागेल, तेवढी खाट ठेवावी लागेल.

औषधाशिवाय किती होतं हेही विसरायला नको. तीन-चार महिन्यांच्या बाळाला पोटभर पाजून, घट्ट लपेटून, अंधार करून एमआरआय आणि इको दोन्ही होतात. आजची सीटी काही सेकंदांत आटोपते. पाच वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी मशीन दाखवलं, तिचा आवाज मोबाईलवर ऐकवला, तर निम्मी भीती ओसरते. दाढेच्या खुर्चीत बसलेल्या मुलाशी बोलणारी बालदंततज्ज्ञ फवाऱ्याची गरजच कधी कधी संपवते. गुंगीनं मेंदूवर कायमचा परिणाम होतो का, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. तान्ह्या वयात तासाभराहून कमी भूल दिलेल्या मुलांचा पाच वर्षांपर्यंत माग काढणाऱ्या 'गॅस' या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निकाल २०१६ आणि २०१९ मध्ये आले, आणि बुद्धीत फरक आढळला नाही. तो अभ्यास नाकातल्या औषधांचा नव्हता, पण एखाद्या तपासणीपुरत्या गुंगीला घाबरून निदान लांबवू नये, एवढा दिलासा त्यातून मिळतो. वारंवार किंवा तीन तासांहून लांब भूल देण्याबद्दलचा अमेरिकेचा २०१६ चा इशारा वेगळा आहे.

एकाच छताखाली बालरोग, भूल, कान-नाक-घसा आणि दंत विभाग असलेली रुग्णालयं या शहरात आहेत. तिथे गुरुवारी सकाळचं एक सत्र फक्त गुंगीच्या तपासण्यांसाठी राखून ठेवता येईल : आठला वजन आणि तपासणी, नऊला पहिलं औषध, झोप लागेल तसतसं मूल बेराच्या किंवा इकोच्या खोलीत, मग चार खाटांची जागी होण्याची खोली. ॲटमायझर स्वस्त आहे, औषधंही महाग नाहीत. खर्च आहे तो त्या खोलीत बसणाऱ्या परिचारिकेचा, जिच्याकडे त्या चार तासांत मुलांकडे बघण्याशिवाय दुसरं कोणतंही काम नसेल. नगरसेवकाकडे, विमा मंडळाकडे किंवा रुग्णालयाच्या समितीकडे मागणी करायचीच तर आधी हे पद मागावं, यंत्रसामग्रीची यादी त्यानंतर द्यावी.